खडीची खाण आणि भंडाऱ्याचे ताट

नाणेघाट पाहायचा राहिला आहे, असे मी सौ.ला कित्येक वर्षे ऐकवत होतो. अखेर दत्तोबांच्या फोनने योग आणला. दत्तोबा माझे जुने सहशिक्षक; निवृत्तीनंतर पिंपळवंडीच्या पुढे आपल्या गावी द्राक्षे लावतात. "आमच्या खंडोबाच्या डोंगराला खडीची खाण लागायची म्हणतात. परवा ग्रामसभा आहे. या, मग नाणेघाटही करू," ते म्हणाले. मी पिशवी भरायलाच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी शिवाजीनगरहून नारायणगावची एसटी धरली. ज्येष्ठांना अर्धे तिकीट, खिडकीची जागा आणि मंचरनंतर दोन्ही अंगांना कांद्याचे हिरवे वाफे; या वयात उत्साहाला आणखी काय हवे? नारायणगावला स्थानकासमोर मिसळ खाऊन घ्यावी, कारण पुढची वडापची जीप पुरती भरल्याशिवाय हलत नाही.

गावाच्या डोक्यावर डोंगर आणि माथ्यावर खंडोबा. आपल्या सह्याद्रीच्या पोटी कोळसा नाही. आहे तो काळा पाषाण, आणि रस्त्यांच्या कामांमुळे त्यालाच भाव आलेला. सुरुंग लागले की विहिरींचे झरे आटतील, खडीची धूळ द्राक्षांच्या घडांवर बसेल, ही साऱ्या गावाची धास्ती. विरोध जवळजवळ एकमुखी होता. अडचण होती ती दत्तोबांचा धाकटा भाऊ किसन याची. डोंगराकडे जाणारी एकमेव वाट त्याच्या शेतातून जाते, आणि ती ट्रकांना देईन म्हणून त्याने ठेकेदाराच्या मध्यस्थापाशी बेल-भंडारा उचलला होता. खंडोबाचा बेल आणि हळद हाती घेऊन दिलेला शब्द या भागात कागदाहून पक्का.

दुपारी किसन ताटावर बसला, पण घास घेईना.

"गुरुजी, सुरुंग न्हाई लावणार, वरवरचा मुरूम नेणार, असं सांगितलं व्हतं मला. आता आयकतो त्ये येगळंच. शास्त्रात काय सोडवणूक हाय का?"

मी हुरूपाने सांगू लागलो: ज्या वचनाने लोकांचे अहित होते ते पाळणे धर्म नव्हे, सत्यालाही तारतम्य असते.

"त्ये तुमचं पुण्याचं शास्त्र," तो शांतपणे म्हणाला. "भंडारा आमचा हाय. मोडला, तर घरात पोरंबाळं हायेत."

चुलीपाशी भाकऱ्या थापणारी त्याची पत्नी हौसाबाई मागे न पाहताच बोलली, "आन् शबूद घेणाऱ्यानंच खोटं सांगितलं आसंल तर?"

"शपथ दोघांची असते," मी म्हणालो. "एकट्याने वाहायची नसते."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

सकाळी पायथ्याच्या मंडपात ग्रामसभा भरली. मध्यस्थ शेजारच्याच वाडीतला, पन्नाशीचा, कपाळी भंडारा लावून आलेला. त्याला खुर्ची दिली तेव्हा मागून कुणी म्हणाले, "भाऊ, खुर्ची आमची, खडीबी आमचीच. तुमचं सोताचं काय आणलंय?" मंडप हसला, तोही कसनुसा हसला.

इतक्यात हौसाबाई बेल-भंडाऱ्याचे ताट घेऊन पुढे झाली. "भाऊ, माझ्या मालकांनी शबूद दिला, त्यो पाळतील. वाट आत्ता घ्या. फकस्त सुरुंग लावणार न्हाई म्हणून तुमी बी उचला."

त्याने हात पुढे केला. तो ताटावर आला आणि तेथेच थांबला. इतक्या उत्कंठेने मी उभ्या आयुष्यात कुणाचा हात पाहिलेला नाही. मग त्याने तो मागे घेतला.

"सुरुंग लागणार हाय," तो म्हणाला. "मला ठावं व्हतं." आणि किसनकडे वळून, "तुझा शबूद तुला परत. दोष माझ्यावर ऱ्हाऊ दे." चपला घालून तो निघून गेला.

खाणीविरुद्धच्या ठरावाला भराभर हात वर झाले. भरात मीही केला. शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "पावणं, हात खाली घ्या. न्हाईतर पुण्याच्या मतावर ठराव झाला म्हणतील."

दुपारी किसननेच जीप काढून जुन्नरमार्गे घाटघरला नेले. शेवटचा रस्ता हाडे मोजतो. पाणी सोबत ठेवावे आणि दिवस मावळण्याआधी परतावे. घाटाच्या तोंडाशी वारा असा की टोपी हातात धरावी लागली. लेण्यातल्या ब्राह्मी अक्षरांतील यज्ञांचे आणि दक्षिणांचे उल्लेख सौ.ला सांगताना माझा स्वर चढला असावा. मागे पाहिले, तर किसनने भाकऱ्यांचे गाठोडे सोडले होते आणि आम्हाला वाढण्याआधीच तो खात होता.

परतून महिना झाला. डोंगर आज उभा आहे, तोवर जाऊन या. ठेकेदार दुसरी वाट शोधील, ही दत्तोबांची धास्ती खोटी नाही. फोनवर त्यांनी आणखी एक कळवले: मध्यस्थाचे काम सुटले. त्याने निर्लज्जपणे भंडारा उचलला असता, तर आम्ही काय करणार होतो? सायंप्रार्थनेत मी आप्तेष्टांसाठी मागणे मागतो. हल्ली शेवटी त्याच्यासाठीही मागतो. नाव विचारायचे राहून गेले, म्हणून देवाला 'वाडीचा भाऊ' एवढेच सांगतो.