केळीच्या काट्यावर विमान
पेट्रोलचा वास आला की मला आमच्या केळीच्या बागेजवळची ती सकाळ आठवते. माझ्या मुलाने स्वतः बांधलेल्या, एकट्याने बसायच्या विमानाला मोटारसायकलचं इंजिन बसवलं होतं. पंखा विमानाला किती जोराने ओढतो हे पाहायला त्याने शेपटीचा दोर निंबाला बांधला आणि मध्ये आमचा घड टांगून मोजायचा काटा अडकवला. ऐंशी किलो ओढ आली, तर दुसऱ्या दिवशी तो उडणार होता. तो विमानात बसला आणि काट्याजवळ मला उभं केलं, कारण आमच्याकडे वजन मीच पुकारायची आणि मी पुकारलेलं वजन व्यापारीसुद्धा पुन्हा पाहत नसत. इंजिन किंचाळलं, केळीची पानं फाटली, डोळ्यांत धूळ गेली. काटा पंच्याऐंशीवर थरथरत होता. इंजिन बंद करून त्याने विचारलं, "माय, कितलं व्हयनं?" "सत्तर." "बरोबर देखं ना?" "केळी मोजता मोजता केस पिकनात मना. सत्तर म्हंजे सत्तर!" तो बराच वेळ खाली उतरलाच नाही. आता त्याचं पोट सुटलंय, आणि पाहुण्यांना तो अजून सांगतो की इंजिनच कमी पडलं. तो सांगायला लागला की मी ताटं उचलून आत जाते.