आंधळगावच्या मंडईआधीचा फोन

"तीन सालाचा? कोणाले पायजे तीन सालाचा? तीन सालाचा धान कोणी एकदम पेरते काय?"

बडेबाबू ओरडत होते. समोर संस्थेचे सचिव बसले होते आणि त्यांच्या हातात सॉफ्टवेअर कंपनीचं पत्रक होतं. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नवा करण्याऐवजी तीन वर्षांचा एकदम घेतला तर सवलत मिळेल, एवढंच त्यात लिहिलं होतं. सवलत हा शब्द ऐकला की आमचे सचिव मयतीच्या वाटेवरही थांबून चौकशी करतील. पण त्या दिवशी बडेबाबूंच्या आवाजानं महामार्गावरचे ट्रक आपोआप कडेला झाले आणि नागझिऱ्यात दुपारी झोपलेल्या वाघानं कूस बदलली. हे मला एका वनरक्षकानं स्वतः सांगितलं, आणि वनरक्षक निदान वाघाच्या बाबतीत तरी खोटं बोलत नाहीत. सचिवांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. "बरं बाबू, यंदाही एकच साल करा," म्हणाले, आणि चहा न पिता निघून गेले.

मुदत संपेल म्हणून घाबरणारी माणसं या पृथ्वीवर कोट्यवधी असतील. मुदत कधी संपते याची आतुरतेनं वाट पाहणारा माणूस मात्र एकच, आणि तो आमच्या साकोलीच्या शिक्षणसंस्थेत मोठा कारकून आहे. मी तिथं मराठी शिकवतो. म्हणजे तासाला शिकवतो आणि उरलेल्या वेळात बडेबाबूंच्या टेबलाशी बसतो. वर्गात मला एवढं करमत नाही.

संस्थेचं एक कॉलेज, दोन शाळा आणि एक आयटीआय. या सगळ्यांत मिळून चौदा सॉफ्टवेअर, आणि चौदांचे परवाने सांभाळायचं काम बडेबाबूंकडे. ते काम आपल्याकडं कसं आलं हे त्यांनाही माहीत नाही. एकदा कोणीतरी विचारलं, "अँटीव्हायरसची मुदत कोण पाहते?" त्या वेळी खोलीत फक्त तेच होते. तेव्हापासून त्यांनी या चौदा परवान्यांना चौदा लेकरांसारखं वाढवलं. मुदत संपायच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत. ज्या कॉम्प्युटरचा परवाना त्याच्या पाठीवर, पोळ्याच्या बैलावर ठेवावा तसा हात ठेवत. मग कंपनीला फोन लावत. पलीकडून बेंगळुरूची एखादी मुलगी पाठ केलेली वाक्यं म्हणू लागली की तिला मध्येच थांबवून विचारत, "बाई, तुमच्याकडे पाणी आला का? रोवणी झाली का?" एका मुलीनं म्हणे "रोवणी म्हणजे काय?" असं विचारलं. बडेबाबूंनी चिखलणीपासून धानाच्या लोंबीपर्यंत सगळं समजावलं, आणि त्या मुलीनं नोकरी सोडून तिकडं कर्नाटकात मंड्याला शेती घेतली. हा शेवटचा भाग बडेबाबूंचा नाही, माझा आहे. पण घडलं नसेलच असं कोण म्हणणार?

पासवर्ड सगळे धानाच्या वाणांचे. चिन्नोर, लुचई, पुढं एखादा आकडा. ते गुप्त ठेवण्यासाठी बडेबाबू टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत, त्यामुळं बसस्टँडवरच्या पानवाल्यालाही आमच्या संस्थेच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शिरता आलं असतं.

पण खरी गंमत त्यांच्या तारखा ठेवण्यात होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची, प्रत्येकीचा दिवस दिवाळीपासून मोजून ठरलेला. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, आणि कोणाच्या पोराला कोणाची पोरगी दाखवायची तेही तिथंच उरकतं. संस्थेनं ही सॉफ्टवेअरं पहिल्यांदा घेतली तीही दिवाळीनंतरच. तेव्हा बडेबाबूंनी एकेक परवाना एकेका गावच्या मंडईला बांधून टाकला. डायरी नाही, कॅलेंडर नाही. "मंडई कोणी विसरते काय, सर?" असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात सगळे तीच भाषा बोलत; मुदत कधीची असं विचारलं की उत्तरात गावाचं नाव येई. आणि दिवाळी सालोसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत असल्यामुळं बडेबाबूंचे परवाने नेहमी मुदतीच्या आधीच नवे होत. त्यांच्या तत्परतेची कीर्ती पार भंडाऱ्यापर्यंत पोहोचली होती.

ग्रंथालयाचा परवाना आंधळगावच्या मंडईला बांधलेला. आंधळगाव हे बडेबाबूंचं स्वतःचं गाव. तिथं धानाची शेती आहे, भाऊ-भावजय आहेत, आणि लग्न न करता पन्नाशी ओलांडलेल्या दिराची उष्टी-खरकटी काढायचा कंटाळा आल्याचं भावजय वर्षातून एकदा, मंडईच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर करते.

हा परवाना घेतला तेव्हा अर्जात मोबाइल नंबर मागितला होता. बडेबाबूंचा फोन बटणांचा, बॅटरीला रबर लावलेला, मेसेज आला की बंद पडणारा. म्हणून ग्रंथालयाच्या मॅडमनी आपला नंबर दिला. मॅडम मूळच्या भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या, वडील आयुध निर्माणीत होते. मॅडमचा आवाज एवढा हळू की वाचनालयात 'शांतता राखा'ची पाटी लावायची गरजच पडली नाही. त्यांना ऐकायला मुलं आपोआप गप्प होत. सकाळी आल्या की त्या म्हणत, "जय भीम, बाबू." आणि जिल्ह्यातला सर्वांत मोठा आवाज इतक्या हळू "जय भीम, मॅडम" म्हणायचा की मला आधी वाटलं त्यांचा घसा बसला आहे. चार वर्षं दोघं एका टेबलावर डबे उघडत होते. पुढं काही झालं नाही. घरचे काय म्हणतील, हे दोघांनीही घरच्यांना कधी विचारलं नाही; मनातच विचारलं आणि मनातच उत्तर ऐकून घेतलं, असं मला वाटतं.

मग मॅडमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मॅडमनी तिकडच्याच एका शाळेत नोकरी धरली. निरोपसमारंभात बडेबाबूंचं भाषण होतं. ते उभे राहिले, "मॅडम चालल्या," म्हणाले, आणि बसले.

त्या वर्षी आंधळगावच्या मंडईच्या आदल्या दिवशी ते परवाना नवा करायला बसले आणि पडद्यावर आलं की नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला मोबाइल जवाहरनगरला. बडेबाबूंनी दोनदा घाम पुसला आणि फोन लावला. "मॅडम, ओटीपी आला असंन." सात मिनिटं बोलणं झालं. ओटीपी दहा मिनिटं चालतो, म्हणून तीन मिनिटं शिल्लक ठेवून त्यांनी फोन ठेवला आणि दिवसभर कोणावरही ओरडले नाहीत. लोकांनी तब्येत विचारली.

दुसऱ्या वर्षी ते शहाणे झाले होते. दहा मिनिटं होऊ दिली, मग म्हणाले, "मॅडम, हा गेला. दुसरा बोलावतो." असे चार ओटीपी गेले. वडिलांची तब्येत, शाळेतली मुलं, यंदाचा मूग, साकोलीच्या समोशात आता मटार टाकत नाहीत ही बातमी, सगळं झालं. पाचव्याला आकडे सांगून मॅडम हसत म्हणाल्या म्हणे, "बाबू, कंपनीवाले तुमच्यावर केस करतीन."

तीन वर्षांचा परवाना का नको होता, हे आता सांगायला नको. सचिव गेल्यावर मी विचारलंच. बडेबाबूंनी दार लोटलं, आणि मॅडमच्या आवाजात म्हणाले, "सर, यंदा एक गोष्ट इचारायची हाये. आमच्या गावची मंडई पाहाले येता का म्हणून." मंडईला या, म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. भावजयीलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, ती म्हणाली होती, "आणा तर खरं." मॅडमना विचारायचं वाक्य एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून, खोडून, पुन्हा लिहून त्यांनी पाठ केलं. मी त्यांचा ते वाक्य म्हणण्याचा सराव घेतला. मराठीच्या प्राध्यापकाकडून एवढं चांगलं काम क्वचित झालं असेल.

पण त्या वर्षी अधिक महिना होता. श्रावण दोनदा आला. त्यामुळं दिवाळी मागच्या वर्षापेक्षा एकोणीस दिवस पुढं गेली, दिवाळीमागं मंडई गेली, आणि कंपनीची तारीख मात्र मागच्या साली परवाना नवा केला त्याच दिवसावर उभी राहिली. तिला कोणता श्रावण? याआधीच्या अधिक महिन्यात असंच झालं असणार, पण तेव्हा मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. कंपनीचा मेसेज त्यांच्या फोनवर आला की त्या येऊन सांगत.

एका सकाळी ग्रंथालय उघडलं तर सॉफ्टवेअर बंद. मुलांची रांग, पुस्तक देता येईना, घेता येईना. बडेबाबू मात्र सांगत होते, "अजून तर आंधळगावची मंडई यायचीच हाये." सचिवांनी स्वतः कंपनीला फोन लावला. संपलेल्या परवान्याची नोंदणी नव्यानं करावी लागेल, नवा नंबर द्या, असं पलीकडून सांगितलं. सचिवांनी ऑफिसच्या नव्या मोबाइलचा नंबर दिला, आणि सवलत होतीच, म्हणून तीन वर्षांचा परवाना घेऊन टाकला. बडेबाबू शेजारी उभे होते. ओरडतील म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो.

"फोन तर तसाही करता येते, बाबू," मी संध्याकाळी म्हणालो.

"करता येते. पण कारण काय सांगू?"

मंडई आली आणि गेली.

पुढं महिनाभरानं भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मॅडम भेटल्या. वडिलांची औषधं घ्यायला आल्या होत्या. इकडचंतिकडचं झालं, आणि बस लागल्यावर, एक पाय पायरीवर ठेवून त्या म्हणाल्या, "सर, मले तर हप्ताभर आधीपासून मेसेज येऊन राहिले होते. परवाना संपते, परवाना संपते. मी फोन घेऊन वर्गात जात होती. हेडमास्तरनं दोनदा टोकलं. वाटलं, येईनच बाबूचा फोन."

"मग तुम्हीच करायचा ना, मॅडम."

"मी कशी करू? तेच करतात ना."

कंडक्टरनं घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी मी बडेबाबूंच्या टेबलाशी बसून हे सगळं, एक शब्दही न वाढवता, सांगितलं. माझ्या आयुष्यात मी असं फार कमी वेळा केलं आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, समोरची फाइल बंद केली, आणि म्हणाले, "मेसेज आता ऑफिसच्या नंबरवर येतात, सर."