सोळाचा मनोरा

माझ्या मोठ्या बहिणीची पिशवी काढायची होती. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, आणि ती काढायची म्हटलं की अर्धी आळी सल्ला द्यायला गोळा होते. बहिणीला महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायचं. ओठ पांढरे पडलेले, पाण्याची बादली उचलली की धाप. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सोनोग्राफी पाहून सांगितलं, गाठ मोठी आहे, आता थांबू नका. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशनची तारीख दिली. मी वरोऱ्याहून साड्या, चादर, थर्मास असं सगळं बॅगेत कोंबून भद्रावतीला तिच्या घरी पोचले, तर ही अंगणात निवांत लसूण सोलत बसलेली. म्हणाली, यंदा आपरेशन नाई करत, माहा मनोरा निघाला.

मला वाटलं, रक्त कमी झाल्यानं बरळते आहे. मग एकेक कळत गेलं. जवळच्या कॉलनीत एक बाई आहे, ती टॅरोचे पत्ते पाहून भविष्य सांगते. मोबाइलवर क्लास करून शिकली. नुसते पत्ते ओढून काही बोलली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तिचं शास्त्र डबल. आधी आकडे मांडायचे, मग त्या आकड्याचा पत्ता काढायचा. जन्माचा दिवस, जन्माचा महिना आणि चालू साल, यातला आकडा न् आकडा एकमेकांत मिळवायचा. जो नंबर येईल तो तुमचा वर्षाचा पत्ता. माझ्या बहिणीची जन्मतारीख एक जुलै. एक आणि सात आठ, सालाचे आकडे मिळवून आणखी आठ, झाले सोळा. सोळा नंबरच्या पत्त्यावर मनोरा. त्याच्यावर वीज पडलेली, माणसं वरून डोकं खाली पाय वर अशी कोसळतात. ते चित्र बहिणीला दाखवून त्या बाईनं सांगितलं की या वर्षी अंगाला सुरी लावू नका.

एक जुलै! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं माहेर गडचिरोलीकडं, जंगलाला लागून. तिथं पोर जन्मलं की तारीख लिहून ठेवायची कोणाला पडली होती? बाप पोराला शाळेत घेऊन जायचा. गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोर शाळेच्या वयाचं झालं. मग अंदाजानं साल धरायचे आणि तारीख टाकायचे एक जुलै. सगळ्यांची. माझी एक जुलै, भावाची एक जुलै, जाऊ आमच्याच गावची, तिची एक जुलै, सरपंचाची तीच. आई सांगायची की बहीण झाली तेव्हा हलका धान, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास येणारा भात, कापणं चालू होतं. जुलैत कुठला आला धान कापायला? जुलैत तर आम्ही रोवणीच्या चिखलात असतो. त्या बाईचा हिशेब खरा धरला तर यंदा आमच्या अख्ख्या गावावर वीज पडायला हवी होती. गाव जागच्या जागी आहे, मी मागच्याच महिन्यात जाऊन आले.

मी बहिणीला उठवलं, चप्पल घालायला लावली आणि तिला घेऊन थेट त्या बाईच्या दारात उभी राहिले. ती बिचारी अदबीनं चहा टाकायला निघाली. मी म्हटलं, चहा नको, आधी हे ऐका. कानाची गोष्ट सांगितली, गुरुजींची सांगितली. मला वाटलं होतं खजील होईल. कशाची! शांतपणे म्हणाली की कागदावर आलेली तारीखही माणसाला चिकटते, तिचंही कंपन असतं. आणि तारखेवर विश्वास नसेल तर नावाच्या अक्षरांवरून आकडा काढता येतो. म्हणजे गुरुजी चुकले तरी हिचा पत्ता चुकत नाही. पडलो तरी नाक वर! कंपन म्हणे.

"हिला काही झालं तर तुमचा तो पत्ता रक्त देणार आहे का?" मी विचारलं. मी बहिणीचा हात धरून बाहेर पडले.

रस्ताभर माझं तोंड चालूच. शिकली सवरली तरी अक्कल गहाण टाकली, आम्ही काय मूर्ख म्हणून धावपळ करतो, असं जे सुचेल ते. बहिणीला चालवेना, ती रस्त्यातल्या नाल्यावरच्या रपट्याच्या, बुटक्या पुलाच्या, कठड्यावर बसली. मी उभ्यानंच बोलत राहिले. माझा दम संपला तेव्हा ती म्हणाली, "एक जुलै गुरुजीची हाय, हे मले माहीत नाई का?"

"मग काऊन ऐकलं तिचं?"

"पत्ते मांडायच्या आधी तिनं मले विचारलं, तुमाले भेव लागते का म्हणून. डॉक्टरनं नाई विचारलं. माह्या घरच्यानं नाई विचारलं. तू बॅग भरून आली, तू बी नाई विचारलं."

रागाला कुठं ठेवू ते मला कळेना. त्या बाईवरचा राग काही कमी झाला नव्हता, आजही नाही. मी बहिणीशेजारी बसले आणि विचारलं, लागते का भेव. "लय," ती म्हणाली. भुलीतून उठलोच नाई तर, हे ती तेव्हा पहिल्यांदा बोलली. मग बोलतच राहिली, उन्हं कलेपर्यंत. मी मधे तोंड घातलं नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि चांगलं झालं. आत नेताना मात्र तिनं माझा हात धरून ठेवला. नर्स म्हणाली, सोडा आता, काही होत नाही, उगाच नाटक करू नका.

"तिले भेव लागून राह्यलं," मी त्या नर्सवर सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडले. "तिनं सोडेपर्यंत थांबा."