टोकियोकडचं गाणं

नात जपानी शिकते. काल कराओकेसाठी गाणी निवडताना तिनं विचारलं, "आबा, तुम्हाला एखादं जपानी गाणं येतं?" माझे कान गरम झाले.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. श्रीरामपूरकडच्या आमच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला टोकियोचे एक साहेब आले होते. त्यांच्या निरोपाला जपानी गाणं हवं, असं ठरलं. "मला येतंय की," मी ठोकून दिलं.

पेटीच्या सुरावर मी नाकातून काहीबाही शब्द काढले. मांडवात हशा पिकला. साहेब मात्र हात जुळवून शेवटपर्यंत ऐकत होते.

मग ते उठले आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या सखूबाईंकडून शिकलेली जात्यावरची ओवी म्हणाले. एकही शब्द चुकला नाही. सखूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

माझ्याशेजारी बसत साहेबांनी तुटक मराठीत विचारलं, "तुमचं गाणं कुठलं?"

"टोकियोकडचं."

"असेल. मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "मला शिकवाल?"

साहेब फसले, असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं.