मासा हलला का?

फोन आला तेव्हा मी एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत बसले होते. घरात जपानी नीट येणारी मी एकटीच, त्यामुळे माझ्या धाकट्या दिरानं, सुहासनं, ऑफिसात तातडीच्या संपर्कासाठी भावाचा नाही, माझा नंबर दिलेला होता. पलीकडे ओनो-सान होते, त्सुकुबाच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारे. ते इतकं हळू आणि इतक्या अदबीनं बोलत होते की त्यांचं वाक्य संपायच्या आत मला कळलं. आणि मी विचारलं, "पाण्यात?" त्यांना काही उमगेना. मी पुन्हा विचारलं, "तळ्यावर गेला होता का?" "नाही, नाही," ते म्हणाले, "ऑफिसच्या सायकल स्टँडवर. कुलूप लावायला वाकला, आणि..." रुग्णवाहिका येण्याआधीच सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं. मी खाली बसले. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो, पण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पाण्यात नाही गेला. पुढच्या क्षणाला कळलं की तरीही तो गेलाच आहे.

दुपारी अभयनं, माझ्या नवऱ्यानं, पुण्याला आईंना फोन लावला. माझ्या सासूबाई. त्यांनी रडायच्या आधी तेच विचारलं. "पाण्याजवळ होता का रे?" "नाही आई, ऑफिसात होता." मग त्या म्हणाल्या, "मग कसा गेला?" जणू त्याच्याकडे यायला मरणाला दुसरा रस्ताच नव्हता.

सुहासच्या पत्रिकेत जलघात सांगितला होता. त्याच्या जन्मानंतर कुणा गुरुजींनी पत्रिका मांडली आणि पाण्यापासून जपा, एवढंच बोलून ते चहा पिऊन निघून गेले. ते वाक्य मात्र घरात राहिलं. शाळेची सहल धरणावर निघाली की सुहासला ताप आहे अशी चिठ्ठी जायची. मामाच्या गावी सगळी भावंडं विहिरीत उड्या मारायची आणि हा आजोळच्या ओटीवर पत्ते पिसत बसायचा. गणपती विसर्जनाला तो काठापासून लांब उभा असे आणि त्याचं मनगट आईंच्या मुठीत असे, अगदी मिशी फुटेपर्यंत. ज्याला पाण्याचं भय सांगितलंय त्याला आधी पोहायला शिकवावं, हे एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी लग्न होऊन आले आणि त्या भीतीत माझी आपली सहज भर पडली, कारण मी मुळातच भित्री. लग्नानंतर आठवड्याभरात त्यानं मला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं होतं. "वहिनी, तू माझ्याएवढीच आहेस आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरतेस. तुला काय अहोजाहो करायचं?"

अभयच्या बँकेच्या नोकरीमुळे आम्ही तोक्योच्या कोतो भागात राहायला आलो. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरमधली पोरं तेव्हा भराभर जपानला येत होती, आणि पाठोपाठ सुहासही त्सुकुबाला एका कंत्राटावर आला. तो निघाला त्या दिवशी आई मला फोनवर म्हणाल्या, "नकाशात बघितलंय मी. चारी बाजूंनी पाणी आहे त्या देशाला. तुझ्या ओटीत घातलाय त्याला." त्यांच्यामागून सुहासचा आवाज, "आई, मी ऑफिसात चाललोय गं, समुद्रात नाही!"

एका रविवारी तो त्सुकुबाच्या नव्या जलद गाडीनं आमच्याकडे आला तो एक खोकं मांडीवर सांभाळत. आल्या आल्या त्यानं आमचा आंघोळीचा खोल टब गार पाण्यानं भरला आणि सगळ्यांना हाक मारली. खोक्यातून निघाला एक मासा. दीड वीत लांब, अंगाला तीन ठिकाणी सांधे, मऊ रबरी शेपूट, एकेक खवला रंगवलेला, काळ्या बुबुळांचे पिवळट डोळे. बास नावाचा मोठा शिकारी मासा पकडायला हा खोटा मासा पाण्यात पोहवत ओढायचा असतो, याला स्विमबेट म्हणतात, हे त्यानं एका दमात सांगितलं. दोऱ्यानं त्यानं तो सावकाश ओढला आणि मासा पोहू लागला. खरोखर पोहू लागला... अंगाला नागमोडी वळण देत, टबाच्या भिंतीशी आला की मान फिरवत. माझी मुलगी किंचाळून टाळ्या पिटायला लागली. "वहिनी, वळताना बघ कसा वळतो!" मी बघत होते. निर्जीव वस्तूनं इतकं जिवंत असू नये, असं मला वाटत होतं. त्याहून भीती सुहासच्या चेहऱ्याची वाटली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते आणि तो हसत होता.

हे त्यानं आईंपासून लपवलं नाही. ओनो-सान रविवारी कासुमिगाउरा तळ्यावर नेतात, मासा धरतो आणि सोडून देतो, असं त्यानं सरळ फोनवर सांगून टाकलं. आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. आईंना पहिला प्रश्न पडला तो हा, "खायचा नाही तर धरायचा कशाला?" दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "ऐकायचा नाहीस तू. मग कमरेला दोरी बांध. आणि दुसरं टोक वहिनीच्या हातात दे. ती नसली तर जायचं नाही." सुहास इतका हसला की त्याला ठसका लागला. पण त्यानं ऐकलं. सुताराच्या हत्यारांपासून कुंड्यांपर्यंत सगळं मिळणाऱ्या एका दुकानातून आम्ही जाडशी निळी नायलॉनची दोरी आणली.

तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार माझा तळ्यावर जाऊ लागला. काठ उतरत्या काँक्रीटचा, वर बांधावर बोटी बांधायचे लोखंडी खुंट. एका खुंटाला दोरीचे दोन वेढे देऊन टोक हातात धरून मी पुस्तक वाचत बसायची. खरं म्हणजे वाचायचं सोंग. एकच पान तासभर उघडं असायचं. जाणारेयेणारे गळवाले थबकून बघायचे, आणि सुहास त्यांना मोडक्यातोडक्या जपानीत सांगायचा, "चावत नाही मी. तरी बांधून ठेवलंय." खोटा मासा धप्पकन लांब पडायचा, सावकाश परत यायचा, पुन्हा धप्पकन पडायचा. दिवसच्या दिवस काही लागायचं नाही. बास मासा या देशात बाहेरून आणून सोडलेला, इथल्या लोकांच्या तो डोळ्यांवर आलेला, हे ओनो-साननी सांगितलं तेव्हा सुहास म्हणाला, "म्हणजे व्हिसावर आलेला. वहिनी, आपलाच माणूस."

एका थंडीतल्या सकाळची गोष्ट. मागे कमळकाकडीच्या शेतांत काळे वाळलेले देठ उभे होते. एरवी गढूळ असणारं तळ्याचं पाणी काठाशी जरा निवळलं होतं. लाइफ जॅकेट जाड कोटावर बसेना म्हणून ते गाडीतच राहिलेलं. "वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "उठू नकोस. नुसती बघ." खोटा मासा अंगाला वळणं देत काठाकडे येत होता, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर एक काळी सावली होती. तिला घाई नव्हती. खोटा मासा थांबला की तीही थांबायची. तो निघाला की निघायची. पुढच्या माशाला मागचं काहीच कळत नव्हतं. ती सावली थेट सुहासच्या पायांशी आली आणि तिथे क्षणभर तरंगत राहिली. मला वाटलं, ती माशाकडे बघत नाहीये, त्याच्याकडे बघते आहे. मग ती खाली विरून गेली. सुहास ती कुठे गेली ते बघायला पुढे वाकला, शेवाळावरून त्याचा बूट सरकला, आणि आवाजसुद्धा न करता तो पाण्यात गेला.

दोरीला हिसका बसला. ती खुंटावर करकरली. सुहासचं डोकं खाली गेलं, वर आलं, हात काँक्रीटवर पडले आणि शेवाळावरून निसटले. तिथे धरायला काहीच नव्हतं. ओनो-सान लांब होते. मला ओरडता आलं नाही... माझं तोंड उघडं होतं एवढं आठवतं. मग त्याला दोरी सापडली. तिच्यावर एकापुढे एक हात टाकत, गुडघे सोलून घेत तो वर आला आणि माझ्या शेजारी पालथा पडला. गळाचा रॉड तळ्यात गेला होता. दोऱ्यात अडकलेला खोटा मासा मात्र त्याच्या कोटाला लटकून आला होता, एका कुशीचा रंग काँक्रीटवर घासून गेलेला.

गाडीत हीटर लावून, ओनो-सानचा स्वेटर घालून तो थरथरत बसला होता. मग म्हणाला, "वहिनी, मला रोज भीती वाटते. लहानपणापासून. आंघोळीला डोक्यावर पाणी घेतानासुद्धा मी डोळे मिटत नाही." मी म्हटलं, "मग येतोस कशाला मरायला?" शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. तो रागावला नाही. "घरी बसलो की ती मागून येते. कुठून, ते कळतच नाही. इथे ती समोर असते. दिसते तरी." काचेवरची वाफ बोटानं पुसत तो म्हणाला, "आईला सांगू नकोस."

त्यानंतर तो महिनाभर तळ्यावर गेला नाही, मग पुन्हा जायला लागला, जॅकेट घालून आणि दोरी बांधून. तो खरचटलेला मासा त्यानं मला दिला. गळ काढून टाकून, आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीला त्यानं तो दोऱ्यानं लटकवला. मला इथल्या भूकंपांची भयंकर भीती. दाराशी हेल्मेट, उशाशी बूट, पाण्याच्या बाटल्या, सगळी तयारी असूनही दर वेळी माझं पाणी पाणी व्हायचं. "हे तुझं यंत्र," तो म्हणाला. "जमीन हलली की आधी हा पोहेल. उगाच ट्रक गेला म्हणून टेबलाखाली जात जाऊ नकोस." आणि तसंच व्हायचं. कपबशा वाजायच्या आधी मासा कमरेत वळायचा, शेपूट हलायची, आणि मुलगी "जिशिन!" असं भूकंपाला इथे म्हणतात तसं ओरडत टेबलाखाली शिरायची. हलणं थांबलं की फोन वाजायचा. त्सुकुबाहून सुहास. "मासा हलला का?" "हलला." "थांबला?" "थांबतोय." "मग चहा टाक." एवढंच बोलणं. एवढ्यासाठी मी टेबलाखालून बाहेर यायची.

तो गेला त्या दिवशी इस्पितळात त्याला पाहिलं तेव्हा मी त्याचा उजवा अंगठा हातात घेतला. बास माशाला खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलतात. त्याचे बारीक दात लागून लागून तो अंगठा कायम किसणीसारखा खरखरीत झालेला असे. पुण्याला गेला होता तेव्हा आईंनी विचारलं होतं, "हे काय रे?" "कीबोर्ड, आई. फार काम असतं." तो खरखरीतपणा तसाच होता. दहनानंतर इथल्या रीतीनं मी आणि अभयनं लांब काड्यांनी दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलून कलशात ठेवली. अभयची काडी निसटायला लागली तेव्हा माझी काडी मी तिला टेकवून धरली.

आणि मग प्रश्न आला. पुण्याचे गुरुजी म्हणाले, अस्थी घेऊन या, नदीवर विसर्जन करू. आईंनी फोन हिसकावून घेतला. "पाण्यात सोडायचं नाही त्याला. जन्मभर जपलाय मी त्याला पाण्यापासून. आता नेऊन त्यातच टाकू?" अभयनं समजावलं, नणंदेनं समजावलं. त्या एकच म्हणत राहिल्या, "नाही. घाबरतो तो." कलश आमच्या पुस्तकांच्या कपाटात राहिला. खरचटलेला मासा त्याच्याच वर लटकत होता. इथे मृताच्या अस्थी काही आठवडे घरात ठेवतात, शेजारच्या बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण मला त्या खोलीत एकटीला बसवेना. आईंचं ते वाक्य मीही ऐकलं होतं. घाबरतो तो... आणि मला ठाऊक होतं की ते खरं आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी घरात मी एकटीच होते. मान वर केली तर मासा पोहत होता. मग कपबशा वाजल्या, दिवा हलला. माझा एक हात टेबलाकडे गेला आणि दुसरा फोनकडे, सवयीनं. हलणं कमी होत गेलं. फोन वाजला नाही. माझ्या आयुष्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेवटी मीच पुण्याला फोन लावला.

आईंना मी त्या थंडीतल्या सकाळचं सगळं सांगितलं. ती सावली, शेवाळ, तो पाण्यात गेला ते, गाडीत बोलला ते. मग त्यांनी विचारलं, "दोरी कुठली होती?"

"तुम्ही बांधायला लावली होती तीच."

"आणि तू ओढलंस त्याला?"

"ओढलं नाही, आई. माझ्यात कुठली ताकद? नुसती सोडली नाही."

"म्हणजे पाण्यानं धरला होता," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि परत दिला." मग म्हणाल्या, "घेऊन ये त्याला. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः उतरीन नदीत."

"आई, तुम्हालाही पोहता येत नाही."

"म्हणूनच सांगतेय. तू धर मला. ती दोरी आण."

पुढच्या आठवड्याचं विमान आहे. बॅग भरून झाली आहे. कलश हातात नेणार आहे. बॅगेच्या तळाशी निळी दोरी आहे, एका ठिकाणी खुंटानं काचून तिचे धागे सुटलेत, पण ती जाड आहे. मला नदीची भीती वाटते. आईंनाही वाटत असणार. मासा मात्र इथेच राहील, कपाटाच्या वरच्या फळीला.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी आईंनी विचारलं, "काय गं, एवढ्या दुपारी अचानक फोन कसा केलास?" मी म्हटलं, भूकंप झाला, सुहासचा मासा हलला.

"थांबला का गं?"

मी वर बघितलं. शेपूट अजून किंचित वळत होती.

"थांबतोय, आई."