लाल चिंधीची मरळ

अंबाजोगाईत दुकान टाकल्यापासून पंचवीस वर्षांत कामाशिवाय शटर कधी ओढलं नव्हतं. यंदा दसऱ्यानंतर ओढलं. तलवाड्याचे बाबूराव, आधी गिऱ्हाईक आणि आता मित्र, कधीचे म्हणत होते, "शेठ, एकदा गोदावरी तर बघा." सकाळी सहाला गाडी काढली. बीडमार्गे गेवराईपर्यंत रस्ता झकास, पुढे खड्डे चुकवत जायचं. तुम्ही जाणार असाल तर गेवराईतच खाऊन घ्या. भजी-चहा दोघांचा सत्तर रुपयांत होतो. नदीवर टपरीसुद्धा नाही.

पाणी मात्र डोळे निवतील असं. तलवाड्यातून बाबूरावांना सोबत घेतलं होतं. काठाच्या गवतात एक प्लास्टिकची बाटली अडकून आपोआप बुडत होती, वर येत होती. कचरा समजून ओढली, तर तिच्या दोरीच्या गळाला हातभर लांब मरळ मासा! आमच्या घरात अंडंही शिजत नाही. मी दोन पावलं मागं सरलो आणि मोठ्या मनानं म्हणालो, "बाबूराव, तुम्हाला दिली."

"मंग आज कालवण!"

तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत आली. सुंदरबाई, मासे धरून पोट भरणारी. वाहून गेलेली बाटली सकाळपासून हुडकत होती. बाटलीच्या गळ्याला बांधलेली लाल चिंधी दिसताच मटकन खाली बसली.

"घावली गं बाई! उद्या लेक-जावई ऊसतोडीला चाललेत. पाच-सा म्हैने तोंड दिसायचं न्हाई. पोरीनं मरळ मागितलीय."

बाबूरावांनी मरळ पाठीमागं लपवली. "पर काढली शेठनं."

मलाही पटलं. बाजारात माल ज्याच्या हातात, तोच मालक.

"इथं न्हाई तसं," सुंदरबाई म्हणाली. "चिंधी ज्याची, मासा त्याचा. काढणाऱ्याला मुंडकं."

"आणि कुणी चिंधीच बदलली तर?" धंद्याची खोड!

ती हसली. "बदलू द्या की. मंग त्याची बाटली वाहून गेल्यावर त्याला कोण हाक मारील?"

बाबूरावांनी मरळ पुढं केली. "घ्या मावशी. शेठ लई दानशूर हायत, दुसऱ्याची वस्तू देत्यात."

तिनं तिथंच कोयत्यानं मुंडकं तोडलं आणि पळसाच्या पानावर माझ्यापुढं ठेवलं. मी हात जोडले. "बाई, आम्ही खात नाही."

तिचा चेहरा पडला. "खाऊ नका, पर घ्या. वाटा न देता नेली तर उद्या माझी बाटली दिसल्यावर कुणी कशापायी काढावी?"

घेतलं. जन्मात पहिल्यांदा.

"झालं माझं?"

"झालं."

"मग हे माझ्याकडून लेकीला. मामानं दिलं म्हणा."

रीतीत हे बसतं का, याचा तिनं जरा विचार केला. मग पान पदराआड धरलं. "मामाचं म्हणल्यावर न्हाई कसं म्हणावं?"

दुपारी बाबूरावांकडे पिठलं-भाकरी खाल्ली. ते दोनदा माझ्याकडे बघून उसासले.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिचा पहिलाच सवाल, "भाचीचं नाव काय?"

विचारलंच नव्हतं. लगेच बाबूरावांना फोन लावला. नाव मंगल. गोदावरीनं एका सकाळीत मला बहीण दिली, भाची दिली. उन्हाळ्यात ऊसतोडीची टोळी परतली की साडी-चोळी घेऊन जायचं ठरलंय. मामाला ते चुकत नाही.