कुमुद हे नाव आधी माझं होतं

खोतीणबाईंनी हाक मारली, "कुमुद!" आणि मी ओ दिली.

खोतांच्या अंगणात सुपारी सोलायचं काम चाललं होतं. आईच्या शेजारी बसून मी टरफलं गोळा करत होते. सहा-सात वर्षांची असेन. हाक आली तशी धावत ओटीच्या पायरीपर्यंत गेले.

खोतीणबाईंच्या मांडीवर नात होती. नुकतंच बारसं झालेली. हाक तिला होती, लाडाने मारलेली.

"अगो, आमच्या मुलीला हाक मारली की कुळवाड्याची पोर ओ देणार होय?" त्या हसल्या. मग हसू थांबलं. "आजपासून ही धोंडी. हिच्या आये, ऐकलंस ना?"

सोलणाऱ्या बायका खो खो हसल्या. त्यातल्या निम्म्या स्वतः धोंड्या आणि भिक्याच होत्या. आई हसली नाही. मान खाली घालून म्हणाली, "व्हय बाय." आणि मला म्हणाली, "धोंडे, हिकडं ये."

नातवंडांनो, तुम्ही दूर देशी वाढलात, म्हणून सांगते. खोत म्हणजे गावाचा मालक. आम्ही त्यांची कुळं, त्यांची जमीन कसणारे. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं गाव. खोतांच्या घरात जे नाव असेल ते कुळाच्या घरात ठेवायचं नाही, हा तिथला रिवाज. त्यांच्याकडे एखादं नाव नव्याने आलं, तर कुळाने आपलं सोडायचं.

पण ते नाव त्यांनी आणलेलं नव्हतं. माझ्या बापाने आणलं होतं. पेरणीला तो गावी यायचा, एरवी मुंबईला गोदीत होता. पायावर पेटी पडून इस्पितळात गेला. तिथली नर्स त्याला म्हणाली, "काका, उठा, चहा घ्या." गावात त्याला 'ए' आणि 'अरे' सोडून कुणी हाक मारली नव्हती. त्याने बाईचं नाव विचारून घेतलं. कुमुद. मी जन्मले तेव्हा त्याने दुसरं कुठलंच नाव ऐकून घेतलं नाही. गावाला ते नाव नीट घेताही येत नव्हतं.

खोतांच्या पुणेकर सुनेने ते माझ्याच तोंडून ऐकलं. तेव्हा तिला दिवस गेले होते. "गोड आहे गं. कुणी ठेवलं?" मी छाती फुगवून सांगितलं, "बापानं." पुढचं तुम्हाला कळलंच.

आई म्हणाली, "नाव घरात ठेव. भायेर धोंडी." पण घरातही तिने ते पुन्हा घेतलं नाही. आमच्या भिंती कुडाच्या होत्या. आवाज बाहेर जायचा.

मग ते नाव पसरलं. भटजींच्या घरी कुमुद झाली. म्हसळ्याच्या वाण्याने नारळ देऊन खोतीणबाईंची परवानगी घेतली आणि मुलीचं नाव कुमुद ठेवलं. माणगावच्या बाजारात कुणी बाई आपल्या पोरीला त्याच नावाने दटावत होती. लोक म्हणायचे, खोतांनी काय छान नवं नाव काढलं! मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ते ऐकायची. खोतांची कुमुद रेशमी परकर नेसायची, त्याचा मला एवढा हेवा नव्हता. तिला हाका किती तऱ्हांनी यायच्या! कुमे, कुमुताई, कुमुदबाळ. प्रत्येक हाकेला मी मनात ओ द्यायची. तिला एकदा मोठा ताप आला. मला वाटलं, ही मेली तर नाव मोकळं होईल. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

ती आठ-नऊ वर्षांची झाली. मी पंधरा-सोळाची. पुन्हा तेच अंगण, तीच सुपारी. ती झोपाळ्यावर बसली होती.

"धोंडे, झोका दे."

मी सुपारी सोलत राहिले.

"धोंडे! धोंडे गं!"

खोतीणबाई ओटीवर आल्या. "अगो, कानात बोळे घातलेस काय?"

"धोंडी इथं कुणी न्हाय. माझं नाव कुमुद. हिच्या आधी माझं होतं."

बायकांचे हात थांबले. पोर रडायला लागली, "आजी, ही माझं नाव घेत्ये!"

त्या एवढंच म्हणाल्या, "हिच्या आये, नवऱ्याला सांग, पुढच्या वर्षी नांगर दुसऱ्याच्या शेतात घाल."

जमीन गेली. वाटेत आई म्हणाली, "खाल्लंस गो आमाला." ते खरंच होतं. आम्ही बापाकडे मुंबईला आलो, एका खोलीत. आईने लोकांची भांडी घासली आणि मला ते मरेपर्यंत ऐकवलं. मी माझ्याहून लहान मुलींच्या वर्गात बसून इंग्रजी शिकले. त्या वर्गात आणखी दोन कुमुद निघाल्या! बाई म्हणाल्या, "तुला आपण दुसरं काहीतरी म्हणू." मी म्हटलं, "त्यांना म्हणा." लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून पुढे केले. नवऱ्याने त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहायचं होतं. मी ताटावर हात ठेवला. मांडवात कुजबुज झाली. हात काढला नाही.

आता, थोरले, तुझ्या पत्राचं. तुला मुलगी झाली, आणि तुला तिचं नाव तुझ्या आजीवरून, म्हणजे माझ्यावरून, कुमुद ठेवायचं आहे. तू प्रेमाने लिहिलंस, ते कळलं. पण ठेवू नकोस. तिला तिचं स्वतःचं नाव दे, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, एवढं तिला शिकव.

कुमुद माझं आहे. मी अजून जिवंत आहे, आणि एकदा ते माझ्याकडून नेलेलं आहे. पुन्हा देणार नाही. तुलासुद्धा नाही.